ताईच्या हाताला चिकटलेलं उलथनं

माझ्या थोरल्या बहिणीला अलौकिक शक्ती मी दिली. नववीत असताना, शंभर पानी वहीत, निळ्या शाईनं. ती परत काढून घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र मला ते जमलं नाही. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. आता पन्नाशी आली, डोक्यावरचे केस गेले, लपवण्यासारखं फारसं उरलं नाही, म्हणून सांगतो.

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आमचे वडील, अण्णा, तुळजापुरात पुजारी. दर्शनाला येणारे यजमान आमच्याच घरी उतरत. आभाळात रशियाचा उपग्रह फिरतोय असं गुरुजींनी वर्गात सांगितलं, तेव्हापासून मला जमिनीवरचं काही दिसेनासं झालं, आणि मी वैज्ञानिक कादंबरी लिहायला घेतली. नाव 'लोहकन्या'! ईट गावच्या माळावर आभाळातून एक धोंडा पडतो, सोळा वर्षांची पोरगी त्याला हात लावते आणि तिच्या तळहातात लोहचुंबकाची ताकद येते. मग ती दरोडेखोरांच्या बंदुका ओढून घेते, घाटात घसरणारी यष्टी एका हातानं धरते, आणि तिसऱ्या प्रकरणात शत्रूचं विमान खाली उतरवते. (विमान मी जवळून पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याला मागं शिडी आणि वर सामान ठेवायला टप दिला होता.)

नायिकेला नाव सुचेना, म्हणून ताईचं दिलं : कुसुम.

ताई नुकतीच मॅट्रिक झाली होती. उस्मानाबादला मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी तिची मुलाखत होती सोमवारी. अण्णांनी कसाबसा होकार दिला होता, तोही आत्याबाईंचा विरोध पत्करून. आत्याबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. घरातलं शेवटचं कोर्ट. माझ्या वहीतले ऱ्हस्वदीर्घ ताईनंच सुधारले होते.

"दत्तू, माझं नाव काढ त्यातनं," ती म्हणाली होती.

"शाई पुसत न्हाय ताई," मी म्हणालो. लेखकाचा ताठा नववीतच सुरू होतो!

शनिवारी ती वही आत्याबाईंच्या हाती लागली. त्यांना वाचता येई, पण उभ्या आयुष्यात त्यांनी फक्त पोथ्या वाचलेल्या. त्यामुळं लिहिलेलं ते खरं, आणि खरं ते सुरात वाचायचं! सोप्यात सात-आठ यजमानीणबाया बसलेल्या. त्यांच्यासमोर माझी वैज्ञानिक कादंबरी पाटावर ठेवून आत्याबाई डोलत वाचू लागल्या. विमान उतरलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. यष्टीच्या प्रकरणाला एकीनं हळदकुंकू वाहिलं.

"म्हंजे ही आपली कुसुमच की!" आत्याबाई वाचता वाचता थांबल्या. "अन् मला न्हाय सांगितलं कुणी!"

सगळ्या बाया उठून सैपाकघरात शिरल्या. ताई चिक्की थापत होती. गुळाचा पाक निवत आला होता, दोन्ही हात बरबटलेले.

"माय, हात वर कर बघू!"

ताईनं बावरून हात वर केला. त्याबरोबर उलथनंही वर गेलं! तिनं हात झटकला. उलथनं पडेना.

"चिकटलं की गं बाई!"

"अहो, पाक हाय त्यो! गुळाचा पाक!" ताई ओरडली. पण तोवर सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकलं होतं, आणि एवढ्या गलक्यात ऐकतो कोण?

आत्याबाईंनी मला पुढं ओढलं. "दत्त्या, हे तूच लिहिलंस?"

"व्हय."

"मनानं?"

इथं 'व्हय, मनानं' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण सहामाहीत मी गणितात नापास झालो होतो, आणि अभ्यास सोडून गोष्टी लिहितो हे अण्णांना कळलं तर माझी पाठ सोलून निघाली असती. मी म्हणालो, "न्हाय. हात आपोआप चालला."

त्या एका वाक्यानं घात केला! आत्याबाईंनी माझ्यावरनं लिंबलोण उतरवलं.

रविवारी सकाळी दारात रांग. कुणी न उघडणारी कुलपं आणलेली, कुणी वाकलेली सायकल. ताई प्रत्येकाला सांगत होती, "अहो, मला काही येत न्हाय," आणि लोक म्हणत होते, "किती नम्र हाय बघा!" दुपारी तामलवाडीचा एक शेतकरी बैलच घेऊन आला.

"ताईसाब, बैलानं खिळा गिळलाय. पोटावरनं हात फिरवा, खिळा भायेर येऊ द्या."

"दादा, जनावराच्या डॉक्टरकडं न्या की त्याला."

"तिथनंच आलोय. त्ये म्हनले, आता देवीवर हवाला."

बैलाच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. ताईला दया आली, तिनं पोटावर हात फिरवला. बैलानं शेपूट उचललं, आणि शेणात खिळा सापडला! (आमच्या गल्लीत बैलांना नाल मारत, तिथल्या कुठल्याही शेणात खिळा सापडला असता.) गल्ली दणाणली. शेतकऱ्यानं ताईच्या पायावर डोकं ठेवलं आणि मला, म्हणजे लेखकाला, फेटा बांधला. आयुष्यातला पहिला फेटा! मी तो संध्याकाळपर्यंत उतरवला नाही.

संध्याकाळी आत्याबाईंनी निकाल दिला, "देवीचा हात हाय त्यो. त्या हातात खडू द्यायचा? पोरगी कुठं जायाची न्हाय." अण्णा गप्प बसले. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे मान्य असणं.

ताईनं मला आडापाशी गाठलं.

"दत्तू, उद्या सातची गाडी हाय. तू एवढंच म्हण : गोष्ट होती, मी रचली. बास."

"अण्णा मारतील."

"मी मधी पडते. मला बसू देत मार."

"सकाळी सांगतो," मी म्हणालो. आणि त्या क्षणी मला खरंच सांगायचं होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू द्या.

सकाळी ताई पत्र्याची ट्रंक भरून मधल्या दारात उभी. अण्णा सोप्यात बसलेले. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"अण्णा..."

"काय रे?"

अण्णांचा हात मोठा होता. मी त्या हाताकडं बघितलं.

"... चहा झाला का तुमचा?"

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. मागं ट्रंकेची कडी वाजली. ताई लुगडी काढून परत दांडीवर टाकत होती.

महिनाभरात एकही कुलूप उघडलं नाही, तेव्हा लोक यायचे थांबले. पण ट्रेनिंगची जागा गेली होती. पुढच्या वर्षी सोलापुरात ताईचं लग्न झालं. त्या ट्रेनिंगला अखेर आमच्या घरातनं कोण गेलं? मी! मास्तर झालो. दरवर्षी सहावीला लोहचुंबक शिकवतो.

अण्णा गेले, त्यांना सांगायचं राहूनच गेलं. गेल्या दिवाळीत सगळे जमले होते, तेव्हा मी धीर करून सोप्यात उभा राहिलो. "आत्याबाई, ती लोहकन्या मी मनानं रचली होती. हात आपोआप चालला नव्हता. माराला भिऊन मी खोटं बोललो."

आत्याबाई आता पार वाकल्या आहेत. त्यांनी मला खालवर न्याहाळलं.

"तू? साधं खुशालीचं पत्र लिहायचं तर चार वळी सुचत न्हाईत तुला. तू विमान उतरीवतो व्हय रे?"

घर हसलं. ताई नाही हसली. "खरं हाय आत्याबाई," ती म्हणाली, "त्यानंच रचली होती."

"तू गप गं! उगं भावाला मोठं करू नको!"

नंतर ताईनं मला चहा आणून दिला. "राग हाय का गं अजून?" मी विचारलं.

"हाय की. लई हाय," ती म्हणाली. "पी. निवंल."

माझं खोटं एका दिवसात तामलवाडीपर्यंत गेलं होतं, बैल घेऊन परत आलं होतं. खरं सांगायला मला पस्तीस वर्षं लागली, आणि ते सोप्यातला उंबरासुद्धा ओलांडू शकलं नाही. सांगणाराच असा, तर ते तरी काय करणार!