झ राज्यातले दोनशे मतदार

भिंगताईला खरं नाव आहे, पण ते पगाराच्या कागदाबाहेर कुणी वापरत नाही. सर्व्हेच्या ऑफिसात तिचं काम फॉर्म तपासायचं. पोरंपोरी घरोघर हिंडून विचारतात, वय काय, घर स्वतःचं की भाड्याचं, शाळा किती, मत कुणाला; आणि संध्याकाळी ते सगळे गठ्ठे भिंगताईच्या टेबलावर येऊन आदळतात. मग ताई ड्रॉवरमधून भिंग काढते आणि समोरचा दाराकडे बघू लागतो. कुठला फॉर्म दारात उभं राहून भरलाय आणि कुठला बागेतल्या बाकावर पाय पसरून मनानं भरलाय, हे तिला म्हणे वासावरून कळतं. मनानं भरलेल्या फॉर्मला ती ‘घरबशा’ म्हणते. चोवीस वर्षांत तिनं एवढे घरबशे पकडलेत, की नव्या पोरी तिला बघून जिन्यातच वाट बदलतात.

बरं, हा संशय ऑफिसात ठेवून घरी यावं की नाही? छे! पाव आणला तर उलटा करून बघणार. पाहुणे लवकर उठले तर का उठले, आणि उशिरा उठले तर मुक्काम ठोकतात की काय. नवरा बिचारा एकदा म्हणाला, “आज छान दिसतेस हं.” तर ही लगेच, “काय फोडलंत?” (फोडलं होतं. साखरेचा डबा. पण ते सोडा.)

तर अशा ताईच्या ऑफिसात नवा साहेब आला. गुळगुळीत दाढी, हसताना सगळे दात मोजून घ्यावेत असा. त्यानं सोबत एक कंप्युटरचा प्रोग्रॅम आणला. फॉर्म आत टाकले की हा प्रोग्रॅम म्हणे सांगतो, कुठले लोक कुणाला मत देणार, आणि फॉर्म तपासायचं कामही तोच करील. म्हणजे ताईच्या टेबलावर तो बसणार. पण साहेब न्यायाचा भोक्ता! म्हणाला, “ताई, आपण एक खेळ खेळू. दहा काल्पनिक राज्यं. लोकांची माहिती तुम्हाला देतो, कोण जिंकेल ते तुम्ही सांगा. दहापैकी सात बरोबर आली तर टेबल तुमचं.”

“आणि नाही आली तर?”

“अहो ताई, खेळ आहे.”

समोरचा खेळ म्हणाला, की आपली पर्स मांडीवर घेऊन बसावं, हे ताईचं धोरण. पण नाही म्हणायची सोय नव्हती. घरी बसवलं तर हिनं काय करायचं? नवऱ्याला तपासत बसायचं? तोही घाबरला होता.

राज्यं केली होती आकडेवालीनं. ही पोरगी वर्षभरापूर्वी लागलेली, कोपऱ्यात बसते, तोंडात पेन्सिल आणि डोक्यात आकडे. तिनं राज्यांना नावं दिली क, ख, ग पासून ञ पर्यंत. पक्ष दोनच, बादली आणि शिडी. बादली म्हणजे गादीवरची, शिडी म्हणजे गादीवर चढू बघणारी.

ताईनं भिंग बाजूला ठेवून कागद वाचले. च राज्य: माणसं तरणी, घरं भाड्याची, दर दोन वर्षांनी पत्ता बदलणारी. “यांना गादीवाल्याशी काय घेणंदेणं? शिडी.” ग राज्य: म्हातारी जास्त, घरं स्वतःची, निम्मी पेन्शनवर. “पेन्शन वेळेवर येतेय ना? मग बादली.” छ राज्यात शिकलेल्या बायका खूप आणि नोकऱ्या थोड्या, तिथे तिनं डोळे मिटून शिडी लिहिलं. ङ राज्याशी जरा थांबली. “इथे कोण राहत असेल गं बिचारं? पत्ता तरी कसा सांगत असतील?” पण उत्तर लिहिलं. झ राज्य तर तिला हातचा मळ वाटलं. निम्मी माणसं पन्नाशीच्या पुढची, चारातली तीन घरं स्वतःची, वीस-वीस वर्षं एकाच गल्लीत. असली माणसं चपलेचं दुकानसुद्धा बदलत नाहीत, सरकार कुठलं बदलायला! तिनं ठोकून दिलं: बादली, शंभरात सत्तर.

निकाल लागला. ताईची सहा बरोबर, प्रोग्रॅमची सात. आणि झ राज्यात शिडीला शंभरात एक्याऐंशी!

“एक्याऐंशी?” ताई खुर्चीतून उठलीच. “कोण म्हणतं एक्याऐंशी?”

“उत्तरपत्रिका, ताई,” साहेब दात दाखवत म्हणाला.

“अहो, पण तिथे राहतं कोण? राज्यच नाही, तर मतं मोजली कुणी? तुम्ही?”

साहेबानं आकडेवालीकडे बघितलं. आकडेवालीनं पेन्सिल तोंडातून काढली. “ताई, राज्याचं नाव काल्पनिक, माणसं खरी आहेत. कोठीच्या खोलीतले जुने गठ्ठे घेतले. एका गठ्ठ्यात दोनशे फॉर्म, प्रत्येकाला दहा हजारांनी गुणलं, झालं वीस लाखांचं राज्य. आणि मत कुणाला ते फॉर्मवर लिहिलेलंच असतं ना.”

“हेच जुने फॉर्म त्या तुमच्या प्रोग्रॅमला आधी चारले होते का?”

“शिकवायला थोडे दिले होते...”

“म्हणजे पेपर फुटला!” ताई साहेबाकडे वळली. “आणि झ राज्यात पाणी मुरतंय. हे बघा, बंद असलेली घरं किती? शून्य! दोनशे दारं वाजवली आणि दोनशेच्या दोनशे उघडली? माझ्या सख्ख्या भावाचं दार वाजवलं तर तीनदा वाजवावं लागतं. साहेब, हे राज्य घरबसं आहे.”

साहेबाचं हसू जरा आखडलं. पण माणूस हुशार, म्हणाला, “चला, गठ्ठाच बघू.”

कोठीची खोली म्हणजे जिन्याखालची. एक दिवा, चार कपाटं आणि शिंका. आकडेवालीनं झ चा गठ्ठा काढला. ताईनं भिंग लावलं, आणि दहा मिनिटांत तिचा चेहरा असा खुलला की काय सांगावं. “बघा, वयं बघा. सदतीस, त्रेचाळीस, बावन्न, एकसष्ट. एकाचंही वय चाळीस नाही, पन्नास नाही. अहो, खऱ्या माणसाला दारात वय विचारलं की तो काय म्हणतो? ‘लिहा चाळीस.’ ‘असेल पन्नास.’ खरी माणसं गोल बोलतात. खोटं लिहिणारा मात्र गोल आकड्याला भितो, त्याला वाटतं आपण पकडले जाऊ. एकदम घरबशा गठ्ठा! दोनशेच्या दोनशे!”

आकडेवालीनं भराभर पानं उलटली आणि तिचं तोंड पडलं. खरंच एकही वय शून्यावर संपत नव्हतं.

साहेबानं गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाला, “मान्य. झ रद्द. नऊपैकी सहा, म्हणजे पास धरू. आमच्या प्रोग्रॅमनं हे ढेकर न देता गिळलं होतं. ताई, टेबल तुमचं.”

झालं की! इथे हिनं भिंग मिटून वर यायचं, चहा मागवायचा. पण हौस. जिंकल्यावर आणखी दोन पानं उलटून बघायची हौस. ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात ते हेच. ताईनं आणखी एक फॉर्म उचलला. व्यवसायाच्या रकान्यात गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: निवृत्त जादूगार.

ताईनं तो फॉर्म दिव्याखाली धरला.

सव्वीस वर्षांपूर्वी एक नवी पोरगी नोकरीला लागली होती. पहिल्याच आठवड्यात तिला अशी गल्ली मिळाली, की एकानं विचारलं, “तुला पाठवलं कुणी?” दुसऱ्यानं दार लावलं ते तिच्या बोटांवर. तिसरी बाई वरच्या खिडकीतून म्हणाली, “काल आमच्याकडे चोरी झाली, आणि आज तू?” पोरगी रडत घरी आली. लग्नाला दोन महिने झालेले. नवरा म्हणाला, “रडतेस काय? आण तो गठ्ठा, मी सांगतो, तू लिही.” आणि सहा संध्याकाळी दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोनशे माणसं जन्माला घातली. शिंपी, नर्स, दोन बायका टाकलेला घड्याळवाला. हसून हसून पोट दुखलं होतं. जादूगार त्याचाच, आणि निवृत्त हे तिनं घातलेलं. मतं मात्र तिनं एकटीनं दिली. तेव्हा तिला शिडी हवी होती ना. गादीवर बसलेल्यांचा तिला भयंकर राग यायचा. तर दोनशे जणांनी गुमान शिडीला मत दिलं, थोडी बादलीला टाकली ती संशय नको म्हणून.

आणि आज पन्नाशीच्या ताईला त्याच माणसांचा अंदाज आला नाही.

“नंबर काय आहे सर्व्हेवाल्याचा?” साहेबानं विचारलं.

“सतरा,” आकडेवाली म्हणाली. गठ्ठ्यावरचा गाव-तारखेचा पुठ्ठा तिनंच काढून टाकला होता, गाव ओळखू येऊ नये म्हणून. रजिस्टर आणलं. जुनं वाळवीनं खाल्लेलं, उरलं होतं त्यात सतरा नंबरापुढे एकच नाव. लंबूकाकाचं.

ताई टेबलावर गेल्यावर तो नंबर त्याला मिळाला होता, हे सांगायला रजिस्टरात पान शिल्लक नव्हतं. आणि लंबूकाका म्हणजे काय विचारता! आळशीपणात त्याचा हात धरणारा कुणी नाही. निवृत्त झालाय, आता आठवड्यातून दोनदा येऊन फोनवर प्रश्न विचारतो, तेही रिसीव्हर खांद्यावर टाकून डुलक्या घेत.

“वाटलंच होतं,” साहेब म्हणाला. “परवापासून त्यांना येऊ नका म्हणून कळवतो.”

ताईनं भिंग पर्समध्ये टाकलं आणि घरी आली.

“अहो, जादूगार सापडला,” तिनं चप्पल काढायच्या आधीच सांगितलं.

“कुठला?” नवरा वर्तमानपत्राआडून.

“तुमचा.”

सगळं ऐकून नवरा आधी हसला, मग हिचा चेहरा बघून थांबला. “लंबूला काय, तो घरी झोपेल. ऑफिसात झोपतो तसाच. तू गप्प बस.”

“आणि त्या पोरीला ठाऊक असलं तर? शेकडो गठ्ठ्यांतून माझाच कसा उचलला? तिनं मुद्दाम केलं असेल. साहेबानंच शिकवलं असेल. मी गप्प बसते की नाही, ते बघतायत.”

“अगं, त्यांना कशाला एवढी अक्कल?”

“तुम्ही तर बोलूच नका. जादूगार म्हणे! सुतार सुचला नाही तुम्हाला?”

जेवताना तिचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पोरीवर, साहेबावर, वाळवीवरसुद्धा. लंबूवर तेवढा घेता येईना. तो चोर नव्हता, नुसता झोपाळू होता, आणि हे जगात तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्याचा प्रत्येक फॉर्म तिनंच तपासला होता. वयं सगळी चाळीस, पन्नास, साठ. निम्मी दारं बंद. खरा माणूस!

सकाळी ती साहेबाच्या समोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. “सतरा नंबर त्या वेळी माझा होता. झ राज्य मी केलंय. लंबूला फोन केलात का?”

“नाही अजून.”

“करू नका.”

साहेबानं पहिल्यांदाच दात दाखवले नाहीत. बराच वेळ पेन उघडत-मिटत बसला. बाहेर आकडेवाली कान टवकारून. तिचा चेहरा ताईनं नीट पाहिला. पोरीला खरंच काही ठाऊक नव्हतं, किंवा ती फार तयारीची होती. यातलं काय ते ताईला अजून ठरवता आलेलं नाही.

“म्हणजे खोटं पकडणारी एकच बाई,” साहेब शेवटी म्हणाला, “आणि खोटं लिहिणारीही तीच. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

“मला काय विचारता? माझ्यावर कसला भरवसा!”

तेव्हा साहेबानं डोकं चालवलं. ताई टेबलावर जायच्या आधी तिनं दोन वर्षं दारं वाजवली होती. त्या दोन वर्षांतला एकेक गठ्ठा बाहेर काढायचा. आणखी एक जरी खोटा निघाला तरी टेबल प्रोग्रॅमचं. आणि ते तपासणार कोण? ताई सोडून जागी राहणारी माणसं ऑफिसात भरपूर होती. पण साहेबानं निवडला लंबूकाका. कारण ज्याच्यावर आळ येणार होता, तो तरी डोळे उघडे ठेवील.

ठेवले की! लंबूकाका सोमवारी आला तो साहेबाकडून सगळं ऐकून आणि चक्क दाढी करून. ताईच्या खुर्चीत बसला, ताईचं भिंग मागून घेतलं आणि ताईला समोरच्या स्टुलावर बसवलं.

“हं. हा सुतार. वय पंचेचाळीस. खरा?”

“खरा.”

“कशावरून?”

“आता सव्वीस वर्षांनी मी काय पुरावा आणू, लंबू?”

“ते मला माहीत नाही, भिंगबाई. माझी नोकरी जात होती, तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. आता मी मागणार.”

ताईनं ओठ चावले. मग म्हणाली, “त्याच्या कुत्र्यानं मला धरलं होतं. पायाला खूण आहे.”

“दाखव.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“मग लिहू का संशयास्पद?”

ताईनं आजूबाजूला बघितलं. आकडेवाली मान खाली घालून हसत होती, साहेबाच्या खोलीचं दार चार बोटं उघडं होतं. तिनं चप्पल काढली, पाय स्टुलाच्या दांड्यावर टेकवला. लंबूकाकानं वाकून घोट्यावर भिंग धरलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

“कुत्र्याचीच आहे कशावरून?” तो म्हणाला.