आंटी अराबाचा गुडघा

एल्डर ब्रिमहॉल एकोणीस वर्षांचा होता. एल्डर म्हणजे वडीलधारा. ओठावर धड लव फुटली नव्हती, पण पांढऱ्या शर्टाच्या खिशावर नावाची काळी पाटी लावली की तो वडीलधारा, असा त्यांच्या मॉर्मन पंथाचा हिशोब. आयडाहो नावाच्या अमेरिकेतल्या बटाट्याच्या मुलखातून तो दोन वर्षं प्रचार करायला आमच्या किनाऱ्यावर उतरला, आणि पहिल्या दिवसापासून त्याची अशी समजूत की अख्खा घाना देश त्याच्या वाटेकडे डोळे लावून उन्हात तिष्ठत होता.

त्याचे आनंद ऐका. सकाळी गल्लीतून निघाला की उघडीनागडी पोरं "ओब्रोनी! ओब्रोनी!" करत मागे लागायची. गोरा माणूस दिसला की आमची पोरं ओरडतातच. मीठ विकायला आलेल्या गाढवामागेही धावतात. हा मात्र दोन्ही हात हलवत चालायचा, जणू मिरवणूक त्याचीच. दुसरा आनंद होकारांचा. दारात आलेल्याला तोंडावर 'नाही' म्हणण्याची आमची चाल नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. "रविवारी प्रार्थनेला याल?" "येऊ की, देवाच्या कृपेने!" असं शिंप्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळे म्हणायचे. हा खुशीत खोलीवर येऊन चवळीचं लाल कालवण आणि तळलेली केळी चापायचा. रविवारी बाकं रिकामी. मग म्हणायचा, "सैतानानं अडवलं."

त्याचा जोडीदार एल्डर ओकोन नायजेरियाचा, कॅलाबारकडचा. या पोरांना एकटं फिरायची मुभा नसते. जोडीनं उठायचं, जोडीनं जेवायचं, जोडीनं दारं ठोठवायची. तेव्हा ओकोनला सुटका नव्हती. वर्षभरात खरोखर आलेले चार लोक बाप्तिस्मा घ्यायला तयार झाले, तर चौघांनीही मागणी केली ती ओकोनची. ब्रिमहॉल कपडे धरून काठावर उभा. वर्ष उलटलं तरी त्याच्या हातून एक जीव पाण्यात गेला नव्हता, आणि दर सोमवारी फोनच्या पडद्यावर आई विचारायची, "माझ्या बाळानं किती जणांना तारलं?"

अशात आंटी अराबा तयार झाली. अराबा मासे भाजून विकणारी; देहानं भक्कम, जिभेनं त्याहून. पावसात तिची मासे भाजायची भट्टी ढासळली तेव्हा ओकोननं गुडघाभर चिखलात बसून ती पुन्हा बांधून दिली. ब्रिमहॉल शेजारी उभा राहून तिला नोहाची गोष्ट सांगत होता. तरी बाप्तिस्म्याच्या हौदात उतरवायला तिनं ब्रिमहॉललाच निवडलं.

"का गं?" शेजारणीनं विचारलं.

"अगं, केवढ्या लांबून आलंय लेकरू. रिकाम्या हातानं परत जायचं का? घे म्हटलं, मला बुडव."

शनिवारी वरून हुकूम आला: ब्रिमहॉलची बदली झाली, मंगळवारी निघायचं. आणि नेमका हौद कोरडा. नळाला चार दिवस पाणी नव्हतं. गावातल्या मॉर्मन मंडळीचे प्रमुख ब्रदर एशून म्हणाले, "पुढच्या शनिवारी टँकर येतोय. काठोकाठ भरू. घाई काय आहे?"

"आत्म्याच्या कामात उशीर चालत नाही," ब्रिमहॉल म्हणाला. उशीर त्याच्या हाताला चालत नव्हता, आत्म्याचं निमित्त.

रविवारी प्रार्थनेनंतर त्यानं बायकांकडून विहिरीच्या पाण्याच्या बादल्या आणवल्या. हौद अर्धा भरला. त्यांच्यात नियम कडक: माणूस संपूर्ण पाण्याखाली गेला पाहिजे, नखसुद्धा वर राहिलं तर बाप्तिस्मा फुकट, पुन्हा पहिल्यापासून. खात्री करायला दोन साक्षीदार काठावर. त्या दिवशी एशून आणि ओकोन.

ब्रिमहॉलनं उजवा हात वर केला, प्रार्थना म्हटली आणि अराबाला मागे झुकवलं. तिचा पांढरा झगा फुग्यासारखा वर आला.

"झगा," एशून म्हणाले.

दुसऱ्यांदा पायाचे अंगठे वर आले, दोन्ही.

"अंगठे," ओकोन म्हणाला. बाकावरच्या बायका खांद्यावरच्या कापडात तोंडं खुपसू लागल्या.

तिसऱ्यांदा ब्रिमहॉलनं सगळा जोर लावला. अराबा खाली गेली, तळाला टेकली, आणि तिचा डावा गुडघा नारळासारखा पाण्यावर उभा राहिला. ती खोकत, नाकातलं पाणी शिंकरत वर आली. एशून चष्मा पुसत होते. त्यांना दिसलंच नव्हतं.

ब्रिमहॉल ओकोनकडे सरकला. "सोड ना," तो कुजबुजला. "एक गुडघाच तर होता! मी परवा जातोय रे. आईला शब्द दिलाय."

"आईला बुडवायचंय का?" ओकोन म्हणाला. "गुडघा वर होता."

"काय कुजबुजताय रे?" अराबा गरजली. "सगळं ऐकू येतंय मला. तीनदा बुडून कान स्वच्छ झालेत माझे!"

"आंटी, एवढ्याशानं देवाला काय फरक पडतो?" ब्रिमहॉल म्हणाला. हाच मुलगा कालपर्यंत नियमाबद्दल तासतास बोलत होता.

"देवाला नसेल पडत, मला पडतो. तीस वर्षं मी याच गुडघ्यावर टेकून भट्टीसमोर बसले. याच गुडघ्यावर टेकून आदल्या दिवशीचे मासे आजचे म्हणून खपवले. सगळ्यात जास्त पाप तिथंच आहे, तो बाहेर कसा ठेवू? उद्या वर गेले आणि दारावर म्हणाले, 'अराबा आत, गुडघा बाहेर,' मग मी काय लंगडत फिरू?" ती पायऱ्या चढू लागली. "टँकर आला की शनिवारी येते."

"पण शनिवारी मी नसणार!"

"हो की. नीट जा हं, बाळा. वाटेत खायला मासे बांधून देते, आजचे." आणि ओकोनकडे वळून, "शनिवारी तू मोकळा आहेस ना?"

ब्रिमहॉल मांडीएवढ्या पाण्यात एकटाच उभा राहिला. त्याला बाहेर ये म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

सोमवारी धुण्याचा दिवस. ओकोन परसात बादलीवर बसून शर्ट घासत होता. ब्रिमहॉल भिंतीला टेकून फोनवर. पडद्यावर आई, मागे दोन मावश्या आणि भला मोठा केक.

"झालं का, बाळा? सांग, सांग!"

ब्रिमहॉलनं मान खाली घातली. आवाज घोगरा केला. "आई, इथं... पाणीच नव्हतं."

"अरे देवा!" आईचे डोळे भरले. "बाप्तिस्म्यापुरतंसुद्धा पाणी नाही? ऐकलंत का गं? काय भोगतंय माझं लेकरू! किती गरीब ते लोक!" मावश्यांनी रुमाल काढले. एक म्हणाली, आपल्या चर्चमध्ये त्या तहानलेल्या लोकांसाठी वर्गणी काढू.

ब्रिमहॉलनं नम्रपणे होकार दिला. त्या घटकेला त्याला बाप्तिस्मा झाल्याहून बरं वाटत असावं.

"एल्डर," ओकोन शर्ट पिळत म्हणाला, "टँकरचं सांग की. शनिवारचं सांग."

"कोण बोलतंय रे मागे?" आईनं विचारलं.

"आई, आवाज तुटतोय," ब्रिमहॉल म्हणाला. "इथलं नेटवर्क फार वाईट आहे." आणि त्यानं फोन बंद केला.