शिर्केकाका आणि जादूचे डबे

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आपल्या खेळण्यांच्या दुकानात शिर्केकाका जादूचा डबा सीलबंद कधीच विकत नसत. गिऱ्हाइकासमोर चिकटपट्टी कापत, आतले प्लॅस्टिकचे पेले ट्यूबलाइटपुढे धरत, पत्ते बोटांनी वाकवून बघत. मनासारखं नसलं की डबा मागे सारत आणि म्हणत, "हे नाही चलणार. दुसरं काही घेऊन जा." खापरपणजोबा फौजेबरोबर दख्खनेतून आलेले, काकांच्या वाट्याला मात्र बाहुल्या आणि भोवरे आले होते.

माझ्या रेवाला आठव्या वाढदिवसाला कुणीतरी असाच एक डबा दिला, दुसरीकडून आणलेला. पंधरा दिवस आरशासमोर सराव करून तिने फूलबागेत मैत्रिणी जमवल्या. पेले इतके पातळ, की उन्हात आतला लाल चेंडू बाहेरूनच दिसत होता. मुली हसल्या. घरी येऊन रेवाने डबा पलंगाखाली सरकवला आणि म्हणाली, "मुझसे नहीं होगा." त्यानंतर वर्गात उत्तर येत असलं तरी ती हात वर करेनाशी झाली.

शेवटी मी डबा आणि रेवा, दोघांना घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, पेला उजेडात धरला आणि काय दिसतं ते विचारलं. चेंडू, ती पुटपुटली.

"मग यात तुझ्या हाताची काय चूक? लेकरं हरतात सामानामुळे, बेटा, आणि समजतात आपल्यामुळे."

चार दिवस ते त्या डब्यामागे लागले होते. पेल्यांना आतून काळा रंग दिला, खरबरीत कडा पॉलिश पेपरने घासल्या, जुन्या स्पंजातून नवा चेंडू कापला. लहान मुलांच्या वस्तूसाठी एवढं कशाला, असं मी म्हटलं, तेव्हा मान वर न करता बोलले, "मोठा माणूस खराब सामानही निभावून नेतो. लहानालाच पक्कं द्यावं लागतं."

गणपतीत मंडळासमोर रेवाने तोच प्रयोग केला. टाळ्या थांबेनात. काका शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांची नजर पेल्यांवरच होती. नंतर हळूच म्हणाले, एक पेला अजून अडकतो, उद्या घेऊन ये.

पुढे काकू वारल्या आणि मुलगा काकांना पुण्याला घेऊन गेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथून मी जाते, तेव्हा पाय आपोआप मंदावतात.

काकांचा फोन यायचा. एकदा म्हणाले, "इथे दिवसभर मराठी ऐकू येतं. पण मी बोललो की सगळे दुरुस्त करून राहिले आहेत." नंतर म्हणाले, मे महिन्यात येतो. ग्वाल्हेरला मे महिन्यात कोण येतं, मी हसून विचारलं.

"मी येतो ना. तिथलं ऊन लागलेलं नाही, किती दिवस झाले."

मार्चमध्येच ते गेले.