धाकट्या मालकांचा डावा पाय

या जगात दोन पायांची माणसं कोट्यवधी असतील, पण आपल्या डाव्या पायावर जन्मापासून अन्याय होत आला आहे ही गोष्ट ज्याच्या मनाला खरोखर लागली, असा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या अंधेरीच्या घरमालकांचा धाकटा भाऊ. घरमालकांना आम्ही थोरले मालक म्हणायचो, म्हणून हे आपोआप धाकटे मालक झाले. तशी त्या घरात त्यांची मालकी माडीवरच्या एका खोलीपुरतीच होती, आणि ती खोली नेमकी आमच्या डोक्यावर होती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. लग्न होऊन मी गिरगावातून अंधेरीच्या त्या गावठाणात राहायला आले. कौलारू, एका माडीची घरं, नाक्यावर पांढरा क्रूस, आणि घराघरांत मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं. मालकांच्या वाडवडिलांची मागे भातशेती होती. ती कारखान्यांखाली गेली आणि दोघे भाऊ त्याच कारखान्यांत नोकरीला लागले. पण कारखाना ही त्यांची पोटाची सोय. मनाने दोघेही वाजवणारे. थोरल्यांचा लग्नाचा बँड होता, त्यात ते स्वतः ट्रम्पेट वाजवत आणि धाकटे ड्रमवर बसत. वांद्र्यापासून वसईपर्यंत ख्रिस्ती लग्नांत या बँडला मान होता. नवरानवरीच्या पहिल्या नाचाला थोरल्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या, असं मी ऐकलं होतं, आणि पुढे पाहिलंही.

सगळं सुरळीत चाललं असताना धाकट्यांच्या हाती रद्दीतून एक परदेशी मासिक आलं. त्यात एका ड्रमवाल्याचा फोटो होता. एरवी ड्रमच्या सेटमध्ये जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा ड्रम एकच असतो आणि तो उजव्या पायाने पेडल दाबून वाजवायचा असतो. डाव्या पायाकडे काम काय, तर दोन झांजांची उघडझाप. फोटोतल्या माणसापुढे मात्र असे मोठे ड्रम दोन होते, एकेका पायाला एकेक. धाकट्यांनी तो फोटो कापून भिंतीवर लावला आणि तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दुसरा ड्रम त्यांनी देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, अडगळीतून फाटक्या कातड्यासकट उचलून आणला, नवीन कातडं चढवलं, आणि त्याचं पेडल कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्वतः घडवलं. पहिल्या पाळीहून आले की चार ते सहा सराव. पहिल्या दिवशी माझ्या सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याचे पाय आसत की शिवणाचा मशीन?"

तक्रार करायला म्हणून मी माडीवर गेले आणि सरावाचं शास्त्र ऐकून खाली आले. आढ्याला एक दोरी बांधली होती, तिच्या टोकाला कारखान्यातला एक जाडजूड नट लोंबकळत होता. तो झोका खायचा आणि धाकटे त्याच्या झोक्यावर पाय टाकायचे. उजवा, डावा, उजवा, डावा. दोरी लांब असली की झोका संथ, आखूड केली की घाईचा. "आधी सारखेपणा, वहिनी, वेग मागाहून," ते मला म्हणाले. "माझा उजवा पाय वीस वर्षांचा नोकर आहे, डावा कालच कामावर लागलाय. दोघांना एकदम पळवलं तर डावा पडणार." तीन दिवस ओळीने पिंढरी न आखडता वाजवता आलं, तरच चौथ्या दिवशी दोरी एक बोट वर. एक दिवस जरी पाय आखडला तरी दोरी पुन्हा खाली. पाच मिनिटं वाजवायचं, दोन मिनिटं थांबायचं, त्यासाठी गजराचं घड्याळ. जोर मांडीतून नाही, घोट्यातून. घाम आला की थांबायचं, कारण "घाम म्हणजे कुठेतरी चुकतंय." स्टुलाची उंची बरोबर नाही म्हणून त्यांनी त्याचे पाय करवतीने कापले, मग जास्त कापले गेले म्हणून खाली फळ्यांचे तुकडे ठोकले. हे सगळं त्यांनी इतक्या कळकळीने सांगितलं की तक्रार माझ्या तोंडातच राहिली. मात्र निघताना दोन जुन्या गोधड्या मी त्यांना दिल्या. त्या ड्रमांच्या पोटात गेल्यावर आमच्या छताचा आवाज निम्म्यावर आला.

पण सराव काही चार ते सहात मावत नव्हता. जिना चढताना ते पहिली पायरी डाव्या पायाने चढत, आणि चुकून उजवा पडला तर खाली येऊन पुन्हा चढत. डाव्या बुटाच्या तळाला त्यांनी लोखंडाची पट्टी ठोकून घेतली होती, पायाला वजनाची सवय व्हावी म्हणून. त्यामुळे रस्त्याने चालताना एक पाऊल बोलायचं आणि एक गप्प राहायचं, आणि ते कोपऱ्यावर वळायच्या आतच भाजीवालीला कळायचं की कोण येतंय. बसायचं म्हणजे तर शिक्षाच. नळावर, बसच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे असतील तिथे टाचा उचललेल्या आणि पाय चालू. एका रविवारी देवळात प्रवचन चाललं असताना अख्खं बाक थरथरायला लागलं. पाद्रीबाबा मध्येच थांबले आणि शांतपणे म्हणाले, "मागच्या बाकावर कुणाला घाई असेल तर त्यांनी जावं, देव रागावणार नाही." थोरल्यांनी धाकट्यांच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला, तर दुसरा गुडघा सुरू झाला.

लग्नाचंही तसंच. मुलगी बघायला खारदांड्याला गेले होते. कपबशा मांडलेल्या टेबलाखाली पाय सुरू झाले आणि सहाही कप बशीत नाचायला लागले. मुलगी हसली, पण मुलीचा बाप घाबरला. त्याने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की मुलाला नसांचा काही आजार असेल तर आधी उपचार करून घ्यावेत. ही गोष्ट धाकट्यांनीच मला हसत सांगितली. "पोरगी चांगली होती, वहिनी," एवढं म्हणाले, आणि नळाखालची बादली भरून वाहिली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

थोरल्यांना हे दुसऱ्या ड्रमचं खूळ मुळीच मान्य नव्हतं. "लोक लग्नात नाचायला येतात, पळायला नाही," ते म्हणायचे, आणि बँडबरोबर तो ड्रम कधी बाहेर पडू द्यायचे नाहीत. दोन वर्षं झाली. दोरी इतकी आखडली की नट आढ्यालाच चिकटल्यासारखा दिसायला लागला. खाली आम्हाला आता ठोके वेगळे ऐकूच येत नसत, एकसंध घरघर ऐकू यायची, आणि ती अर्धा अर्धा तास न अडखळता चालायची. सासूबाई तिच्यावर डुलकी काढायच्या. पण ऐकणारं कोण, तर आम्ही. त्या माणसाचा जीव नुसता तडफडत होता.

मग थोरल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. काकाचा तिच्यावर फार जीव. तिने बापाला सरळ सांगितलं, "डॅडी, माझ्या लग्नात काकाचे दोन्ही ड्रम वाजतील, नाहीतर दुसरा बँड बघा." थोरले एका गाण्यापुरते कबूल झाले. गाणं त्यांनीच बसवलं. सुरुवात ट्रम्पेटची, संथ, मग ड्रमने वेग घ्यायचा आणि ट्रम्पेटने त्याच्यामागून चढत जायचं.

त्याच आठवड्यात धाकटे विहिरीपाशी मला गाठून हळूच म्हणाले, "घरात कुणाला बोलू नका. जुहूला एका हॉटेलात पोरांचा बँड आहे, गिटारवाला. त्यांचा ड्रमर चाललाय ऑस्ट्रेलियाला. त्यांना दोन ड्रमवाला माणूस पाहिजे. लग्नात येऊन मला ऐकणार आहेत."

"मग कारखाना?"

"कारखान्यात माझा उजवा हात चालतो, वहिनी. बाकीचा मी तिथे बसून असतो."

त्यांचं वय तेव्हा चाळिशीला टेकलं होतं. पुन्हा कुणी बोलवायला येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

लग्नाची संध्याकाळ. अंगणात मांडव, कागदी झिरमिळ्या, सगळं गावठाण लोटलेलं. थोरले काळ्या सुटात, पण मला त्यांचा चेहरा ओढलेला दिसला. बरेच दिवस त्यांना खोकला होता, आणि डॉक्टरने ट्रम्पेट फुंकू नका म्हणून सांगितलं होतं. पोरीच्या लग्नात बाप गप्प बसेल का? मांडवाच्या टोकाला केस वाढवलेली तीन पोरं हातात बशा घेऊन उभी होती. धाकट्यांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि स्टुलावर सरळ होऊन बसले.

गाणं सुरू झालं. थोरल्यांनी संथ भाग असा काही वाजवला की मांडव गप्प झाला. मग धाकट्यांचे पाय आत आले, आणि वेग चढायला लागला. तो चढ मला पाठ होता. आता एक बोट, आता आणखी एक बोट, असं मी मनात म्हणत होते. नाचणाऱ्यांचे पाय उचलले गेले. पोरांतला एक बशी खाली ठेवून पुढे आला. आणि तेवढ्यात ट्रम्पेटचा एक सूर तुटला. थोरल्यांनी श्वास घेतला, पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. त्यांची मान ताठ झाली होती आणि कपाळावरची शीर दिसत होती.

धाकट्यांनी भावाकडे बघितलं. आणि वेग चढायचा थांबला. नुसता थांबला नाही, तो उतरायला लागला, इतक्या बेताने की नाचणारी माणसं आपसूक सावकाश झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. थोरल्यांना जेवढा दम होता तेवढ्याच चालीवर ते दोन ड्रम येऊन ठेपले. सुरामागे सूर घ्यायला त्यांना सवड मिळाली. लोकांना ते इतकं आवडलं की ते थांबू देईनात. पुन्हा, पुन्हा, असं करत ते गाणं कितीतरी वेळ चाललं, आणि तेवढा वेळ त्या दोन पायांनी ती चाल तसूभर हलू दिली नाही. मी मांडवाच्या टोकाकडे बघितलं. केस वाढवलेल्या पोरांनी आपसात काहीतरी बोलून घेतलं, कटलेट संपवलं आणि गाणं संपायच्या आत ती निघून गेली. धाकट्यांना ती जाताना दिसली. त्यांची मान त्या दिशेलाच होती.

दोन दिवसांनी ते विहिरीवर भेटले. मी विचारलं, "तुम्ही वेग का उतरवलात?"

"कोण म्हणतं उतरवला? कुणी काही बोललं नाही."

"दोन वर्षं मी तुमच्याखाली राहतेय, भाऊजी."

ते दोर ओढत म्हणाले, "त्याचा दम संपत होता. मी पुढे गेलो असतो तर तो एकटा मागे राहिला असता, सगळ्यांसमोर, पोरीच्या लग्नात." आणि बादली काठावर ठेवून म्हणाले, "पण एक सांगतो. एवढं हळू, एवढा वेळ, एकसारखं कधी वाजवलं नव्हतं मी. पिंढऱ्या अजून भरल्यात."

जुहूहून पुन्हा काही निरोप आला नाही. थोरले मात्र महिनाभर येईल त्याला सांगत होते, "बघितलंत, माझ्या सांगण्यावरून धाकट्याने पळापळ केली नाही, म्हणून गाणं रंगलं." धाकटे शेजारी उभे राहून मान डोलवायचे, आणि खाली पाय चालू.

त्यानंतर थोरल्यांचं ट्रम्पेट बंदच झालं. डॉक्टरने फुंकायची सक्त मनाई केली. बँड दुसऱ्यांच्या हातात गेला आणि दुसऱ्यांनी आपला ड्रमवाला आणला. धाकट्यांचा चार ते सहाचा सराव चालूच होता, पण आता त्यात कुठे जायचं आहे असं वाटेना. आम्हीही मुलुंडला घर घेतलं होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी मालकांची परातभर भांडी परत द्यायला माडीवर गेले. दार उघडं होतं. थोरल्यांनी आपली वेताची खुर्ची दिवाणखान्यातून उचलून धाकट्यांच्या खोलीत आणवली होती आणि ते तिच्यावर टेकून बसले होते. ते म्हणत होते, "चल, वाजव आता तुझं ते. त्या दिवशी माझ्यासाठी ठेवून दिलंस ते. मला सगळं कळतं रे. तेवढा दम नव्हता, कान तर शाबूत होते ना."

धाकट्यांनी ड्रमांच्या पोटातून गोधड्या काढून बाजूला ठेवल्या आणि स्टुलावर बसले. मी उंबऱ्यातच थांबले. संथ सुरुवात झाली, मग चढ लागला, आणि मग जो वेग त्या खोलीत आला तो गोधड्यांशिवाय मी कधी ऐकलाच नव्हता. फळ्या, खिडकीची तावदानं, माझ्या हातातली भांडी, सगळं थरथरत होतं. अंगणात माणसं जमली होती, पण तक्रार कुणी केली नाही. किती वेळ झाला ठाऊक नाही. थोरल्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, आणि त्या हाताची तीन बोटं, ट्रम्पेटच्या तीन कळा दाबाव्यात तशी, भराभर खालीवर होत होती. एकही सूर न चुकवता ते धाकट्यांच्या बरोबरीने वाजवत होते. धाकट्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्यांची नजर त्या तीन बोटांवरून हलली नाही.