दुसऱ्या मजल्यावरचे पडदे

आधीच सांगते, मी या विषयातली नव्हे. तेवीस वर्षं मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवलं. वर्गात कुणी "मॅडम, भूत असतं का?" विचारलं की "असेल तर वजन करून आण, मग बोलू" असं सांगणारी मी. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण ते रविवारी दुपारी, डोळा लागेपर्यंत... राग मानू नका. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसले आहे याचं मला हसू येतंय. पण दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही, आणि मराठीत मोकळेपणी सांगावं असं इथे कोलकात्यात माझ्याजवळ फारसं कुणी उरलेलं नाही.

आम्ही बेहालाचे. आजोबा नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. भाऊ, म्हणजे माझे वडील, इथेच जन्मले आणि मीही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली, असं सगळं आयुष्य. भाऊ रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. आई गेली त्याला तेव्हा साडेचार वर्षं झाली होती. ती गेल्यावर भाऊंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. मग एक दिवस बंगाली गेली. ज्या भाषेत ते फुटबॉलवरून तासन्‌तास भांडायचे, ती अख्खी पुसली गेली, पाठोपाठ हिंदी-इंग्रजीही. मराठी तेवढी राहिली. डॉक्टर म्हणाले, होतं असं, पहिली भाषा सगळ्यात शेवटी जाते.

आणि मग मी गेले. शाळा सोडून त्यांच्याकडे राहायला आले, तर काही महिन्यांत त्यांच्या लेखी मी सिस्टर झाले, दवाखान्यातली. "सिस्टर, तुम्ही जेवलात का? तुमची ड्यूटी संपली असेल तर निघा हं," इतकं सौजन्यानं बोलायचे की रागही धड येऊ नये. सख्ख्या मुलीशी भाऊ जन्मात कधी इतके गोड बोलले नव्हते! मी हसून घ्यायची आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. त्यांनी मला एकदा, फक्त एकदा, 'नंदू' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते न होताच सगळं संपणार, या भीतीनं मी रात्र रात्र तळमळायची.

डॉक्टरांनी त्यांना रोज तासभर चालवायला सांगितलं होतं. मे महिन्यात कोलकात्यात माणसाला चालवायचं कुठे? म्हणून मॉल. आमच्या दक्षिणेकडचाच, नाव सांगत नाही, पण मोठा. तो नवा होता तेव्हा लोक डमडमहून सरकता जिना बघायला यायचे आणि बायका साडीच्या निऱ्या मुठीत धरून त्यावर पाय ठेवायच्या. आता न्यू टाउनकडे याच्या दुप्पट मोठे मॉल झालेत. याच्या दोन टोकांना दोन जुनी डिपार्टमेंट स्टोअर्स आहेत. पूर्वेकडचं कसंबसं तग धरून होतं. पश्चिमेकडचं आवरत आलं होतं. गालिच्याचे सांधे चिकटपट्टीनं जोडलेले, अर्धे दिवे बंद, एका कोपऱ्यात बिनमुंडक्याचे पुतळे भिंतीकडे पाठ करून उभे... पुतळ्याची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे कपडे काढल्यावर कळत नाही म्हणा, पण मला तसं वाटायचं.

आमचा रोजचा फेरा ठरलेला. अकराला दारं उघडली की पूर्वेच्या स्टोअरमधून शिरायचं, अत्तरांच्या काउंटरवरच्या मुलींना नमस्कार करायचा, मधली लांबलचक गॅलरी चालायची आणि पश्चिमेच्या स्टोअरमध्ये पहिल्या मजल्यावर टॉवेल-चादरींच्या विभागात थांबायचं. तिथे भाऊ खुलायचे. बोटांत टॉवेलची कड धरून म्हणायचे, "हा निळा दोन धुण्यांत उतरणार. तो बघा, तो मरेपर्यंत हलणार नाही." मुलीला विसरलेला माणूस रंगाला मात्र चुकत नव्हता. तिथली सेल्सवुमन रीना, चाळिशीची असेल, त्यांना 'मेशोमोशाय' म्हणायची, म्हणजे मावसोबा, आणि बसायला स्टूल द्यायची. दुसरा मजला गिऱ्हाइकांना बंद होता.

त्या दिवशी मंगळवार होता. भाऊ स्टुलावर बसले होते, रीना आत माल काढत होती. पुण्याहून माझ्या लेकीचा फोन आला, आवाज तुटत होता, म्हणून मी गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेले. दोन मिनिटं. फार तर तीन. परत आले तर स्टुलावर भाऊ नाहीत.

विभाग पालथा घातला. रीनानं ट्रायल रूम बघितल्या. मग मी तळमजल्यावर हेल्प डेस्कला धावले आणि तिथे मी ती चूक केली. भाऊंच्या खिशात असते तशीच नाव-पत्त्याची चिठ्ठी मी पर्समध्येही ठेवते. ती मी डेस्कवरच्या मुलीला दिली. इंग्रजीत लिहिलेली, पण आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर लिहितात त्या क्रमानं: सबनीस मधुकर दत्तात्रय. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. हात तसाच वळलेला. आता बंगाली माणूस शेवटच्या शब्दालाच आडनाव समजणार, यात त्या मुलीचा काय दोष? तिनं माइक ओढला आणि बंगालीत, हिंदीत, इंग्रजीत पुकारा केला: मिस्टर दत्तात्रय, मिस्टर दत्तात्रय, आपली मुलगी आपली वाट पाहते आहे.

मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते काही मिनिटांनी, रीना जिन्यावरून धापा टाकत खाली आली तेव्हा.

"दिदि, मेशोमोशाय तर वरच होते," ती हिंदीत म्हणाली. "खांबाच्या मागे, उशांच्या ढिगाजवळ. मला आत्ता दिसले. पण मी पोचायच्या आत पुकारा झाला आणि ते ताडकन निघाले. जाता जाता मला काहीतरी सांगत होते, हात जोडून. मला एकच शब्द कळला, दत्तात्रय. मी वळून तुम्हाला फोन लावतेय तोवर दिसेनासे झाले."

दत्तात्रय म्हणजे माझे आजोबा. भाऊंनी आपल्या वडिलांच्या नावाचा पुकारा ऐकला होता आणि ऐंशी वर्षांचा माणूस वडिलांना शोधायला निघाला होता. ते आपणहून बसून राहिले असते, आणि मीच त्यांना उठवलं होतं. पुन्हा पुकारा करायचा तर काय करायचा? मधुकर म्हणून त्यांना हाक मारणारं आता जगात कुणी नाही. बंगाली, हिंदी, इंग्रजी त्यांना कळत नाही. "मला माइक द्या, मी मराठीत बोलते," म्हटलं, तर ती मुलगी साहेबांना विचारते म्हणाली आणि साहेबांचा फोन लागेना. सिक्युरिटीवाले दारांकडे गेले. मी आणि रीना परत पश्चिमेच्या स्टोअरमध्ये, पहिल्या मजल्यावर. मी मोठमोठ्यानं "भाऊ, भाऊ" ओरडत होते आणि लोक बघत होते.

तेवढ्यात ते झालं.

आधी नुसती खरखर. मग छताच्या स्पीकरमधून बाईचा आवाज... शांत, थोडा वैतागलेला, मराठीत.

"अहो, पडदे नंतर बघा. बसा तिथंच, जागचे हलू नका. नंदू येतेय."

संपलं. एवढंच. वाटलं, आता आपलंही डोकं गेलं, घराण्यातच आहे. पण रीना वर बघत होती. मला म्हणाली, "दिदि, कोण मासिमा बोलली? काय म्हणाली?"

म्हणजे तिनंही ऐकलं होतं. विचार करायला मी थांबले नाही. पडदे. पडद्यांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्याला आडवी लावलेली दोरी ओलांडून आम्ही दोघी वर धावलो.

वर अंधुक होतं. लोखंडी नळ्यांवर विकायचे राहिलेले पडदे अजून लटकत होते, छतापासून जमिनीपर्यंत, रांगेनं. शेवटच्या रांगेपलीकडे मजूर सरकता जिना काढत होते, म्हणजे काढून गेले होते. पायऱ्या काढलेल्या, खाली थेट खड्डा, आणि पुढे कमरेएवढी एक प्लास्टिकची पट्टी. त्या पट्टीपासून चार पावलांवर एक गिऱ्हाइकांची खुर्ची होती, आणि खुर्चीत भाऊ. दोन्ही हात मांडीवर, अगदी शहाण्यासारखे. एका हातात पडद्याचं टोक.

मी जाऊन त्यांच्या गुडघ्यांशी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीचं ते सौजन्याचं बघणं नव्हे.

"किती वेळ लावलास नंदू," भाऊ म्हणाले. "आई केव्हाची सांगतेय, येतेय येतेय म्हणून."

मी रडले. लाज सोडून, रीनाच्या समोर, त्या गालिच्यावर बसून. भाऊंनी डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "हा मरून रंग चांगला आहे गं. पण तिला विचारून घेऊ."

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन गेले आणि चौकशी केली. मॉलचा माइक एकच, हेल्प डेस्कचा, आणि तो त्या वेळी त्या मुलीच्या हातात होता. तिनं तोंड उघडलं नव्हतं. मॉलचा पुकारा स्टोअरमध्ये ऐकू येतो तो दारातून, स्टोअरचे स्पीकर वेगळे. स्टोअरच्या मॅनेजरनं मला त्यांचा ॲम्प्लिफायर दाखवला: धूळ बसलेला, प्लग काढून वायर गुंडाळून ठेवलेला. दुसऱ्या मजल्याची तर वायरिंगच उतरवलेली. कुणाच्या मोबाइलवर लागलं असेल? असेल. पण मोबाइलवरची बाई 'नंदू' म्हणेल? ताणाखाली कान काहीही ऐकतात, हे मी मान्य करते, माझे कान. पण रीनाचे? तिला मराठीचा शब्द येत नाही, तरी तिनं मला आवाजाचे चढउतार करून दाखवले आणि ते बरोबर होते.

आवाज आईचा होता का? शपथेवर नाही सांगू शकत. माणसाचा आवाज आपण चेहऱ्याआधी विसरतो. पण एक गोष्ट सांगते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आईनं भाऊंना नावानं हाक मारली नाही, नुसतं 'अहो'. पुण्याच्या बाजारात 'अहो' म्हटलं तर दहा पुरुष वळतील. कोलकात्यात एकच वळायचा. न्यू मार्केटच्या गर्दीत हरवले तरी ती एका जागी उभी राहून एकदाच 'अहो' म्हणायची आणि भाऊ कुठूनतरी उगवायचे. मी माइकवर गेले असते तरी मला ते सुचलं नसतं. मी मधुकर, सबनीस, भाऊ, सगळं ओरडले असते.

स्टोअर आता बंद झालंय. रीना पूर्वेकडच्या स्टोअरमध्ये लागली, आमचा फेरा तिथवरच असतो. भाऊ बरे झाले असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं होत नाही. त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत मी पुन्हा सिस्टर झाले होते. फरक एकच पडला. पूर्वी त्यांना मुलगी आहे हेच ठाऊक नव्हतं. त्या मंगळवारपासून ते रोज सकाळी चहा झाला की खुर्ची दाराकडे वळवून बसतात. मी शेजारी टेकले तर अदबीनं म्हणतात, "सिस्टर, तुम्हाला घाई असेल तर निघा. आमची नंदू येतेय."

"येऊ दे की," मी म्हणते. "तोवर मी बसते."