घारीची वृत्ती

तिचे डोळे घारे, म्हणून लहानपणापासून सगळे तिला घारच म्हणत. पुढे ती रोपवेवर चालक म्हणून लागली, डोंगरावर चढणाऱ्या ट्रॉल्यांवर दिवसभर नजर ठेवू लागली आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. खालच्या स्टेशनात तिची काचेची खोली होती. समोर बटणांचं पॅनेल, बाजूला वाऱ्याचा वेग दाखवणारा काटा आणि माथ्यावरच्या माणसाशी बोलायला फोन. स्वभाव असा की चहा अगोड लागला तरी दुसऱ्याकडे साखर मागणार नाही, गप्प पिऊन टाकेल.

सुट्टीच्या दुपारी मात्र ती चोर व्हायची.

हे चोरपण तिच्या थोरल्या नणंदेच्या घरी चाले. नणंद शिवणकाम करायची. कापड बेतायच्या मोठ्या टेबलावरचे तुकडे बाजूला सारले की तिथे फासे पडत. नणंद गोष्ट सांगणार आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होणार. गुहा, राक्षस, पडके किल्ले, सगळं नुसत्या बोलण्यातून उभं राहायचं. खेळाआधी प्रत्येकाने आपल्या पात्राची वृत्ती ठरवायची असे. प्रश्न दोनच. मनाने सज्जन की दुष्ट? आणि नियमाने चालणारा की स्वैर? घारीची चोरटी होती स्वैर, पण सज्जन. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकेल, कुलपं फोडेल, पण गरिबाच्या घरात हात घालणार नाही.

तिच्या समोर बसत साहेब, म्हणजे रोपवेचे व्यवस्थापक. नणंदेच्या नवऱ्याचे ते शाळासोबती, त्या ओळखीने खेळात आलेले. त्यांचा सरदार सज्जन तर होताच, वर पक्का नियमनिष्ठ. दिला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खेळात दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. राजाने बंद ठेवायला सांगितलेल्या दरवाजापुढे सरदार तलवार आडवी धरून उभा राहायचा आणि चोरटी मागून कुलपात तार घालायची. मग अर्धी दुपार वादात.

"आज चांगल्या कामासाठी नियम मोडलास, उद्या कशासाठीही मोडशील," साहेब म्हणायचे.

"दाराबाहेर माणूस मरत असेल, तर तुमचा नियम काय चाटायचाय?" घार म्हणायची. एरवी तोंडातून शब्द न फुटणारी ती, टेबलाशी बसली की अशी बोलायची.

"फासे टाका, नाहीतर दोघांनाही राक्षसाच्या ताटात वाढते," असं नणंद म्हणाली की वाद मिटे.

कामावर साहेब हे साहेबच. तिला शिकवताना त्यांनीच काट्याच्या लाल रेषेवर बोट ठेवून बजावलं होतं, "काटा इथे पोचला की ट्रॉली बंद. खुद्द मी चालव म्हटलं तरी."

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळ स्वच्छ होती. म्हाताऱ्या माणसांचा एक गट डोंगरमाथ्यावर फिरायला गेला. त्यात साहेबांची आईही होती. त्यांनी स्वतः तिचा हात धरून तिला ट्रॉलीत बसवलं, मफलर नीट गुंडाळला. दुपार कलली आणि वारा सुटला. आधी खिडक्या खडखडल्या, मग तारेवरच्या रिकाम्या ट्रॉल्या झुलू लागल्या. काटा सरकत सरकत लाल रेषेला टेकला. घारीने बटण दाबलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

वरच्या स्टेशनात एका बाजूने उघडी पत्र्याची शेड होती, बस्स. गाडीरस्ता नव्हता. पायवाटेवर बर्फ साचलेलं, धडधाकट माणसाचे पाय घसरावेत असं. तिने बचाव पथकाला फोन केला. पांघरुणं घेऊन चढून येतो, पण वेळ लागेल, असं ते म्हणाले.

साहेब धावतच काचेच्या खोलीत शिरले.

"चालू कर."

"काटा बघा, साहेब."

"बघितला. रेषेला जेमतेम टेकलाय. हळू चालव, एकेक ट्रॉली आण."

घारीने पॅनेलची चावी फिरवून काढली आणि मुठीत धरली.

"नाही चालवणार."

"वर माझी आई आहे," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तिची छाती कमजोर आहे. शेडमध्ये गारठून जाईल ती. माणूस मरत असेल तर नियम काय चाटायचाय, हे तूच म्हणतेस ना?"

खेळात तिला सतरा उत्तरं सुचायची. आता डोळ्यांपुढे फक्त ती तार होती आणि तारेवर झुलणारी ट्रॉली, आणि ट्रॉलीत मफलर गुंडाळलेली म्हातारी.

साहेब वळले. जादा चावी ऑफिसच्या कपाटात होती. ते ती घेऊन येईपर्यंत घारीने फोन उचलला आणि वरच्या माणसाला सांगितलं, "मी म्हणेपर्यंत कुणालाही ट्रॉलीत बसवू नकोस. तुझा कोट साहेबांच्या आईंना दे. सगळ्यांना मधोमध, चिकटून बसव."

साहेबांनी येऊन तिच्या हातातून फोन घेतला. "माझ्या आईला पहिल्या ट्रॉलीत बसव."

पलीकडून वाऱ्याच्या घोंघाटात तो माणूस म्हणाला, "घारताई सांगतील तेव्हाच, साहेब."

साहेबांनी फोन खाली ठेवला. जादा चावी त्यांच्या हातात होती, पण रिकाम्या ट्रॉल्या खाली आणून करणार काय? ते काचेला कपाळ टेकून उभे राहिले. घार काट्याकडे बघत राहिली. मनातल्या मनात ती त्याला विनवत होती, एकतर खाली ये, नाहीतर चांगला वर चढ, म्हणजे मला कळेल तरी. काटा दोन्ही करेना. रेषेच्या जरासा पुढे तो तसाच हलत राहिला.

संध्याकाळच्या तोंडावर वारा पडला. ट्रॉल्या आल्या. लोक तिच्या काचेपुढून जाताना तिला नको नको ते बोलले. साहेबांच्या आईला बचाव पथकाने वर पोचवलेल्या पांघरुणात गुंडाळून उतरवलं, ओठ निळे पडले होते. साहेब शेजारून गेले, पण त्यांनी मान वळवली नाही.

म्हातारीच्या छातीत कफ भरून ताप चढला, तिला हॉस्पिटलात ठेवलं. पुढच्या सुट्टीला साहेबांची खुर्ची रिकामी राहिली. खेळ जमेना. घारीने नणंदेला विचारलं, "ताई, मी चुकले का?"

"मला काय विचारतेस गं," नणंद म्हणाली. "खेळात वारा माझ्या हातात असतो. ट्रॉली सुटली असती तर पडली असती की नाही, हे सांगून मोकळी झाले असते."

दुसऱ्या दिवशी घार हॉस्पिटलात गेली. म्हातारी उशीला टेकून बसली होती.

"तूच का ती?"

"हो."

"वर बसून मी तुला फार शिव्या दिल्या. राग अजून गेला नाही माझा."

"असू दे," घार म्हणाली आणि स्टुलावर बसली. म्हातारीने तिला घालवलं नाही. जरा वेळाने पाणी मागितलं, घारीने पेला ओठाला लावला. साहेब दारात येऊन उभे होते, ते तिला मागाहून दिसलं.

ती बाहेर पडताना ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तुला कामावरून काढायचं माझ्या मनात आलं होतं."

"मला वाटलंच होतं."

"मुख्य ऑफिसने विचारलं. मी सांगितलं, काटा रेषेला टेकलेला असताना चालवायचा हुकूम माझा होता, तिने ऐकला नाही." एवढं बोलून ते आत गेले. शाबासकी नाही, माफी नाही. तिनेही मागितली नाही.

आई घरी आल्यावर साहेब एका दुपारी खेळायला आले. नणंदेने त्यांच्या पात्राचा कागद पुढे सरकवला. त्यांनी पेन उचललं आणि 'नियमनिष्ठ' हा शब्द खोडायला पुढे नेलं.

"बाहेरचं इथे आणायचं नाही हं," नणंद म्हणाली.

"या सरदाराला सगळं सोपं जातं," साहेब म्हणाले. "त्याला आई नाही."

घारीने हातातले फासे टेबलावर ठेवले.

नणंदेने कापडाच्या एका तुकड्याची उगाच घडी केली. "मग देऊ या त्याला," ती म्हणाली. "नदीपलीकडच्या गावात एक म्हातारी राहते. सरदाराने तिला कित्येक वर्षांत तोंड दाखवलेलं नाही. नदीला पूर आलाय, आणि पूल ओलांडायला राजाची बंदी आहे. चोरटी तुमच्यासोबत आहे. काय करता?"

साहेबांनी घारीकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"आधी पुलाच्या फळ्या तपासू," घार म्हणाली. "मग भांडू."