तळवाली

शेवटच्या दुपारी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी पुस्तक वाचत होतो आणि बायको भिजवलेले वाल सोलत मला शिव्या देत होती. "पुढं व्हा की! एका ओळीवर गाडी किती वेळ उभी?" मी चौथीपर्यंत शिकलेला. बोट ठेवल्याशिवाय माझी ओळ हलत नाही. तिला तर अक्षरओळखही नव्हती, पण वाचणाऱ्याच्या चुका काढायला अक्षर कशाला लागतं? त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून साधंसुधं असं काही केलं नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती गेली.

शहापूरच्या बाजारात तिला तळवाली म्हणत. पाटीतली वरची वांगी ती बघायचीसुद्धा नाही. कोपरापर्यंत हात घालून तळाचं वांगं उपसायची आणि विकणारीच्या नाकासमोर धरायची. "वरच्या समद्या नटलेल्या नवऱ्याच असतात गो. ही सासू कोनाला देतेस?" ती लांबून दिसली तरी भाजीवाल्या पाट्या झाकायच्या. मी दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखा.

माणसांनाही तोच न्याय. मुलीला मुरबाडकडचं स्थळ आलं तेव्हा मुलाचा मामा तासभर भाच्याची आरती ओवाळत होता. हिनं चहा ठेवला आणि विचारलं, "दारू पितो का?"

मामा हसला. "कधीतरी. सणावाराला."

"सन कळले. वार कोनते?"

शेवटी मुलगाच म्हणाला, "शनवारी." हिनं तिथल्या तिथे होकार दिला. खरं बोलतो, चालेल म्हणाली. जावई चांगला निघाला. शनवार मात्र सुटला नाही.

अशा बाईशी खोटं बोलायचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. एवढी आमची अक्कल. तिच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या हॉस्पिटलातून सांगितलं, आता घरी न्या. मुलीनं तिथे दारातच मला शपथ घातली, "बाबा, आईला कळू देऊ नका. खचंल ती." मग तिला सांगितलं, आतड्याला सूज आहे. पाहुणे बिस्किटांचे पुडे घेऊन यायचे, तिची वर आलेली हाडं बघायचे आणि म्हणायचे, "तब्येत सुधारली हो!" असल्यांना देवानं तोंड कशाला दिलंय कळत नाही. ती आतली बिस्किटं मोडलीत का, ते पुडा दाबून बघायची.

पुस्तक नातीचं. सुट्टीला आली तेव्हा विसरून गेली. त्यात शहरातली एक सोळा वर्षांची पोरगी, तिला रक्ताचा आजार, आणि शेजारच्या बिल्डिंगमधला पोरगा तिच्यावर जीव टाकतो. इतकं फालतू पुस्तक मी पाहिलं नाही. तशी मी पुस्तकं पाहिलीत तरी किती! पोरगी मरायला टेकलीय, पण गाल गुलाबी. एकदाही ओकत नाही. पोरगा रोज फुलं आणतो, पण तिचं ओकारीचं भांडं कोण टाकतं ते लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही. मी टाकत होतो. फुलांना टाइम कुणाला असतो ते मला विचारा. मी असं बोललो की बायको खवळायची. "तुमी कवा फूल आनलंत? मंग जळू नका. वाचा." बाजारात कुणाला न भुलणारी बाई त्या पोराला भुलली होती. रोज विचारायची, "आज आला का वो तो?"

एकदा ती झोपली असताना मी शेवट वाचून घेतला. पोरगी मरते. त्या शेवटच्या दुपारी तीच पानं आली आणि मी मनानंच सांगायला लागलो. डॉक्टर हसले, औषध लागू पडलं, पोरगी पिशवी घेऊन घरी निघाली, पोरगा रिक्षा घेऊन उभा.

वाल सोलायचे थांबले.

"थांबा. म्हयनाभर लंगडी गाडी, आज येकदम कशी सुटली? बोट कुठं हाय तुमचं?"

बोट माझ्या गुडघ्यावर होतं.

"तळाचं काढा," ती म्हणाली.

मग बोट ठेवलं आणि अडखळत वाचलं. दीड पानाला अर्धा तास लागला.

"मेली," ती म्हणाली.

"हं."

"आन माजं?"

मुलीची शपथ आठवली. पुस्तक मिटलं. "तसंच. सूज नाय. गाठ हाय."

ती घाबरली नाही असं मी लिहिणार नाही. ते त्या पुस्तकवाल्यानं लिहावं. तिच्या मांडीवरचे वाल सांडले. मग तिनं समोरच्या बांबूच्या बेटाकडे बघितलं.

"दोन म्हयने मला येडी समजलात."

"हो."

"मंग आता आयका. तिरडीचा बांबू तुमी बघा. धाकट्या भावजींच्या हाती दिलंत तर किडका आनतील, आन मी वाटंत पडंन."

मला हसू आलं. तिलाही आलं. हसता हसता कळ आली, म्हणून तिला आत नेऊन निजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मुरबाडहून पोचली. अंगण भरलं होतं. बाया एकमेकींना सांगत होत्या, "भाग्याची गो. शेवटपर्यंत काय कळलं नाय तिला." माझा धाकटा भाऊ बांबू घेऊन आला. मी उठलो, एकेक हातात धरून फिरवून बघितला. एकाला भुंग्याचं भोक होतं. तो फेकून दिला.

भाऊ चिडला. "दादा, आज तरी बस ना रे. नवऱ्यानं का हे करायचं असतं?"

"तिनं सांगितलंय."

मुलगी रडायची थांबली. "कवा सांगितलं? आईला माहीत होतं?"

"काल दुपारी कळलं."

"तुमी सांगितलंत?"

"तिनं इचारलं."

ती शपथेवरून चार शब्द ऐकवील असं वाटलं. मी कोयता घेतला आणि बेटात शिरलो. पहिला बांबू तोडला तो वाकडा, टाकून दिला. दुसरा सरळ निघाला. फांद्या छाटत होतो तेव्हा मागून पावलं वाजली. मुलगी होती. बांबूचं दुसरं टोक तिनं उचललं.